हद्दीवरचा कॉरिडॉर नोंदवायचाय? मग नकाशा दोन्हीकडचा घ्या

जंगलाचा सरकारी नकाशा कधी नीट बघितलाय का? राज्याच्या हद्दीपर्यंत सगळं हिरवं, नाले, पाणवठे, जंगलाच्या तुकड्यांचे कंपार्टमेंट नंबर, आणि हद्द संपली की कोरा कागद. पलीकडच्यांच्या नकाशात आपण कोरे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वॉकर वाघ आठवत असेल, २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला, तो तेलंगणात शिरला, परत विदर्भात आला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेही बरंचसं शेताशेतातून आणि नाल्यानाल्यातून. प्राण्यांचे एका जंगलातून दुसऱ्यात जायचे असे रस्ते, म्हणजेच कॉरिडॉर, कागदावर आणायचे तर हद्दीवरच्या गावातल्या लोकांनीच ते काम हातात घ्यायला हवं.

आधी सॅटेलाइट मॅपवर दोन्हीकडचं जंगल एकत्र बघा आणि पट्टा सगळ्यात चिंचोळा कुठे होतो ते शोधा. दाट जंगलाच्या मागे लागू नका, खरा जीव त्या चिंचोळ्या जागेत अडकलेला असतो, तिथे प्लॉटचा एक लेआउट पडला की दोन्हीकडची मेहनत पाण्यात. अशी एकच जागा घ्या, पण वर्षभर सोडू नका.

अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि ती दोन्ही राज्यांची वेगवेगळी काढावी लागते. बाहेरच्या जंगलातही वनरक्षकाला सांगूनच जा, एकटं कधीच नाही.

मग नाल्यातली रेती. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा जा, पावलाच्या ठशाच्या कडा सावलीमुळे उठून दिसतात, दुपारी तोच ठसा सपाट वाटतो. शेजारी पट्टी ठेवून बरोबर वरून फोटो काढा. बोटांपुढे नखांची टोकं उमटली असतील तर बहुतेक कुत्रा, तरस किंवा रानकुत्रा, वाघ-बिबट्या चालताना नखं आत घेतात. आणि ठसा कुठल्या दिशेने गेलाय ते लिहाच, आपल्याला मोजायचंय ते येणं-जाणंच आहे.

नोंदीचा तक्ता दोन्हीकडे सेम टू सेम हवा: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, प्राणी, दिशा, खात्री किती. अक्षांश कसे लिहायचे ते आधीच ठरवून टाका, कारण २१ अंश ३० मिनिटं म्हणजे २१.५, कोणी घाईत २१.३० लिहिलं की ठसा तब्बल २२ किमी सरकतो! ज्या दिवशी काहीच सापडलं नाही तो दिवसही लिहा, नाहीतर वर्षानंतर कळतच नाही की प्राणी यायचे थांबले की आपली माणसं जायची थांबली.

ट्रॅप कॅमेरे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे) वनखात्याचेच असू द्या, पण समोरासमोर दोन लावा असा आग्रह धरा, वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात. दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवले की इकडे एका नावाचा आणि तिकडे दुसऱ्या नावाचा वाघ एकच निघू शकतो, आणि माझ्या मते कॉरिडॉर चालू असल्याचा याहून पक्का पुरावा नाही.

अडथळेही टिपा: रस्ता, सरळ भिंतींचा कालवा, करंट सोडलेलं कुंपण. उपाय निघतात हो! पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ एनएच ४४ वर मनसर-खवासा दरम्यान ९ ठिकाणी खालून वाट ठेवलीय, सगळ्यात लांब ७५० मीटर, आणि तिथून वाघासकट १८ प्रकारचे प्राणी जाताना कॅमेऱ्यात आलेत.

वर्षाचा डेटा झाला की दोन्हीकडच्या डीएफओंना (विभागीय वन अधिकाऱ्यांना) एकच नकाशा द्या. व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा पट्टा असेल तर अर्जात वन्यजीव कायद्याच्या ३८-ओ कलमाचा उल्लेख करा, अशी जमीन भलत्या कामाला वळवण्यावर त्यात बंधन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेलाही वन्यजीव राखायचा अधिकार दिलाय, तेव्हा दोन्हीकडच्या ग्रामसभांनी ठराव घ्यावेत आणि दोन्ही ठरावांना तोच नकाशा जोडावा. फक्त ठशांचं नेमकं लोकेशन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका आणि फोटो पुढे पाठवण्याआधी त्यातलं जीपीएस काढून टाका, शिकारीही ते ग्रुप वाचतात.