मुस्तफा अडखळतोय? रास्पबेरी पायवर आर्केड गेम सुरळीत कसे चालवावे

साताऱ्या-सांगलीकडे ज्या गेमला सगळे ‘मुस्तफा’ म्हणतात, त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. कॅपकॉमनं तो १९९३ मध्ये काढला. पार्लरमधल्या त्या मशीनचा मुख्य प्रोसेसर मोटोरोलाच्या ६८००० जातीचा, वेग जेमतेम १२ मेगाहर्ट्झ. रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) हा तळहाताएवढा छोटा संगणक; त्याच्या पाय ४ या मॉडेलमध्ये १५०० मेगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. जुन्या प्रोसेसरची नक्कल करताना एकेका सूचनेमागे नव्याला बरीच मेहनत पडते हे खरं, पण एवढ्या फरकात मुस्तफा अडखळायला नको. अडखळत असेल, तर बहुतेक वेळा वीज कमी पडत असते, बोर्ड तापलेला असतो, टीव्ही चुकीच्या रिफ्रेश रेटवर (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो वेग) असतो, नाहीतर इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि रॉम (मूळ गेमची फाइल) यांची जोडी जुळलेली नसते. तपासणीही याच क्रमानं करा. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं, पहिल्या दिवशीच करणारे पुष्कळ आहेत. त्यानं मूळ दुखणं झाकलं जातं आणि बोर्ड आणखी तापतो.

काय काय लागेल

पाय ४, २ जीबीचा पुरे; आर्केडला ८ जीबी रॅमचा काही उपयोग नाही. पाय ३ बी प्लस घरात पडून असेल तर नव्वदीच्या मध्यापर्यंतचे बहुतेक द्विमितीय गेम त्यावर छान चालतात. ३२ जीबीचं ए१ मार्कचं मायक्रो एसडी कार्ड, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर, मायक्रो एचडीएमआय केबल, हीटसिंक किंवा पंख्याची केस आणि एक यूएसबी कंट्रोलर. बोर्ड आणि अडॅप्टर ऑनलाइन मागवा. जॉयस्टिकचा खोका मात्र गावातल्याच सुताराकडून करून घ्या. पार्सलनं येणाऱ्या तयार खोक्यापेक्षा तो मजबूत होतो आणि हाताच्या उंचीला बेतून मिळतो.

कार्ड तयार करायला ‘रास्पबेरी पाय इमेजर’ वापरा. त्यात गेमसाठीच्या सिस्टिमचा वेगळा विभाग आहे. तिथून पाय ४ साठी रेट्रोपाय निवडा आणि कार्डावर लिहा. पाय ५ असेल तर बॅटोसेरा किंवा रिकलबॉक्स घ्या. यापुढचं वर्णन रेट्रोपायचं आहे. कमांड आणि फाइलची नावं इथं देवनागरीत दिली असली, तरी टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि मधल्या अंडरस्कोरसकट लिहायची.

आधी आकडा बघा, मग बदल करा

गेम चालू असताना सिलेक्ट आणि एक्स बटण एकत्र दाबलं की रेट्रोआर्कचा, म्हणजे रेट्रोपायमध्ये इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू उघडतो. सेटिंग्ज, ऑनस्क्रीन डिस्प्ले, त्यातल्या नोटिफिकेशन्समध्ये ‘डिस्प्ले फ्रेमरेट’ (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवली जातात तो आकडा) चालू करा. आता दहा मिनिटं खेळा आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर लक्ष ठेवा.

आकडा ५९-६० वर स्थिर आहे, तरी पळताना पात्र झटके खातं? मग पायचं काम चोख चाललंय, गडबड टीव्हीकडे आहे. सुरुवातीला ६० आणि दहा मिनिटांनी ४५-५० वर उतरतो? उष्णता. शत्रूंची गर्दी झाली की लगेच पडतो? वीज किंवा चुकीचा इम्युलेटर. पहिल्या सेकंदापासून बरोबर ३० वर अडकून बसलाय? फोर-के टीव्हीचा प्रश्न, तो पुढे येतोच.

वीज: दोष लाइटचा नसतो, केबलचा असतो

स्क्रीनच्या कोपऱ्यात वीज कमी पडल्याची पिवळ्या विजेची खूण चमकली की आपल्याकडे पहिला संशय महावितरणवर जातो. पण चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. घरातला दाब १८० वर आला तरी पलीकडे तो पाचच व्होल्ट देतो. खरी गळती असते ती अडॅप्टर आणि बोर्ड यांच्यामधल्या केबलमध्ये.

हिशेब सोपा आहे. मोबाइलच्या स्वस्त केबलमध्ये वीज नेणारी तार बहुधा २८ गेजची असते (गेजचा आकडा मोठा, तेवढी तार बारीक). एक मीटर लांबीला, जाऊन-येऊन, तिचा रोध साधारण ०.४३ ओहम. पाय आणि जॉयस्टिक मिळून १.५ अँपिअर ओढत असतील तर वाटेतच ०.६४ व्होल्ट गळतात. ५.१ मधून ते वजा केले की बोर्डाला मिळतात ४.४६. पायचा इशारा ४.६३ व्होल्टखाली दिसतो आणि बोर्ड स्वतःचा वेग उतरवतो. तीच केबल २० गेजची असेल तर गळती ०.१ व्होल्टवर येते. म्हणून केबल बोर्डाबरोबरच्या अडॅप्टरलाच जोडलेली असावी, नाहीतर जाड आणि अर्ध्या मीटरची घ्यावी. जुना बोर्ड विकत घेणाऱ्यांसाठी आणखी एक खूण: २०१९ मध्ये आलेल्या सुरुवातीच्या पाय ४ बोर्डांना लॅपटॉपची ई-मार्क्ड (आत ओळख सांगणारी चिप असलेली) टाइप-सी केबल चालत नाही. बोर्ड मेलाय असं वाटतं, तो नुसता वीज घेत नसतो.

खात्री करायला एफ४ दाबून टर्मिनलवर या आणि ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही कमांड द्या. उत्तर ०एक्स० आलं की सगळं ठीक. ०एक्स५०००० म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती आणि वेग उतरला होता. ०एक्स५०००५ म्हणजे ते या क्षणी घडतंय. हे उत्तर शून्य होईपर्यंत दुसरी कुठलीही सेटिंग बदलू नका.

उष्णता

पाय ४ ची चिप ८० अंशांवर पोहोचली की वेग कमी करू लागते. पाय ३ बी प्लस त्याहून हळवा आहे, तो ६० अंशांनाच १.४ गिगाहर्ट्झवरून १.२ वर येतो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास असतो. पत्र्याखालच्या खोलीत, बंद प्लायच्या खोक्यात बसवलेला उघडा बोर्ड तेव्हा थोड्याच वेळात मर्यादेला टेकतो. जानेवारीत साताऱ्यात बिनतक्रार चाललेलं मशीन सुट्टीत मुलांनी सलग खेळताच अडखळायला लागतं, ते यामुळं.

तापमान ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प’ या कमांडनं कळतं. अर्धा तास खेळून झाल्यावर ७० च्या आत असावं. अ‍ॅल्युमिनियमची जाड केस, जिचा खालचा खांब थेट चिपला टेकतो, ती बहुतेकांना पुरते आणि आवाजही करत नाही. मात्र चिप आणि खांब यांच्यामधल्या थर्मल पॅडची पातळ फिल्म काढलीत ना, हे पाहा. ती तशीच राहिली की केस असून नसल्यासारखी.

पंखा लावायचा तर ५ व्होल्टचा, ३० मिलिमीटरचा. लाल तार पिन ४ ला, काळी पिन ६ ला. खोक्याला एक भोक तळाशी आणि एक मागच्या बाजूला वर पाडा, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघते. दोन्हीला बारीक जाळी ठोका.

टीव्ही

केबल पायच्या ज्या एचडीएमआय पोर्टमध्ये घालाल तो पॉवरच्या टाइप-सी पोर्टला लागून असलेला असू द्या. नवा फोर-के टीव्ही जोडला की पाय ४ बऱ्याचदा फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतो. साठ फ्रेमचा गेम तीसच्या पडद्यावर कोंबला की तो ओढत चालल्यासारखा वाटणारच. कार्ड संगणकाला लावा, बूट विभागातली ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ उघडा आणि तीन ओळी लिहा: एचडीएमआय_ग्रुप=१, एचडीएमआय_मोड=१६, डिसेबल_ओव्हरस्कॅन=१. मोड १६ म्हणजे १०८० ओळी, ६० हर्ट्झ. पाय ३ असेल तर मोड ४ द्या, म्हणजे ७२० ओळी. तेवढाच भार कमी. फाइलमधले आकडे अर्थातच इंग्रजी.

टीव्हीच्या चित्राच्या मेनूत ‘गेम मोड’ शोधून चालू करा. तो नसला की टीव्ही प्रत्येक फ्रेम घासूनपुसून दाखवतो आणि ठोसा बटणानंतर बसतो. अनेकजण या उशिराचं खापर जॉयस्टिकवर फोडतात.

इथं एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे उगाच रात्र जागवली जाणार नाही. आर्केड मशीनं सगळी ६० हर्ट्झची नव्हती. मुस्तफा आणि स्ट्रीट फायटर टू ५९.६ चे, रेट्रोआर्क ते अलगद ६० वर आणतो, फरक कानाला-डोळ्याला कळत नाही. निओ जिओ या दुसऱ्या आर्केड मशीनवरचा मेटल स्लग ५९.२ चा, तोही जमतो. पण मॉर्टल कॉम्बॅट ५४.७ चा आहे. साठच्या पडद्यावर सेकंदाला पाच-सहा फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात, तेवढा झटका राहणारच. ही चूक कुठल्याच सेटिंगची नसते.

इम्युलेटर आणि रॉमची जोडी

सगळ्यांत जास्त वेळ इथं वाया जातो. मेम हा आर्केड इम्युलेटरचा प्रकल्प १९९७ पासून चालू आहे आणि दर आवृत्तीत काही रॉम फाइलींची रचना बदलते. म्हणून झिप फाइल इम्युलेटरच्या आवृत्तीशी जुळलीच पाहिजे. रेट्रोपायमधल्या इम्युलेटरांपैकी (‘एलआर’ म्हणजे रेट्रोआर्कमधून चालणारे) एलआर-मेम२००३ ला मेमच्या ०.७८ आवृत्तीचा रॉम संच लागतो, एलआर-मेम२०१० ला ०.१३९ चा, एलआर-एफबीनिओला त्याचा स्वतःचा सर्वांत नवा संच. एका संचाची फाइल दुसऱ्याला दिली की गेम काळा पडदा दाखवून परत मेनूत येतो, किंवा चालतो पण आवाज गायब.

कॅपकॉम आणि निओ जिओच्या गेमसाठी एलआर-एफबीनिओनंच सुरुवात करा. वेग, आवाज आणि अचूकता यांचा याहून चांगला मेळ या बोर्डावर दुसरा नाही. त्यात न बसणाऱ्या जुन्या गेमना एलआर-मेम२००३-प्लस. ताजा मेम पायवर घालू नका; तो मूळ हार्डवेअरच्या अचूकतेसाठी लिहिला जातो, वेगासाठी नाही. गेम उघडताना जी करड्या रंगाची चौकट दिसते, तेव्हाच बटण दाबलं की त्या एका गेमपुरता इम्युलेटर बदलता येतो.

झिप उघडायची नाही आणि नाव बदलायचं नाही. मुस्तफाची फाइल ‘डिनो डॉट झिप’ आहे, ती ‘मुस्तफा डॉट झिप’ केली की ओळखच पटत नाही. ‘डिनोयू’ ही त्याच गेमची अमेरिकी प्रत. संच स्प्लिट प्रकारचा (प्रतीत फक्त मूळपेक्षा वेगळ्या फाइल असलेला) असेल तर तिला शेजारी मूळ ‘डिनो’ लागतेच. निओ जिओच्या प्रत्येक गेमला त्याच फोल्डरमध्ये ‘निओजिओ डॉट झिप’ हवी. तरीही गेम उघडला नाही, तर ‘डेव्ह’मधल्या ‘एसएचएम’ फोल्डरमध्ये ‘रनकमांड डॉट लॉग’ वाचा. कोणती फाइल सापडली नाही, ते नावासकट लिहिलेलं असतं.

रॉमवर कॉपीराइट असतो, हे स्पष्ट सांगायला हवं. मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर ग्रिडली, रॉबी रोटो असे काही गेम हक्कदारांच्या परवानगीनं बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत आहेत. नवं मशीन तपासायला तेच वापरा. जत्रेत किंवा दुकानात पैसे घेऊन खेळवायला हा मार्ग नाही.

टेकन थ्रीचं आर्केड रूप या बोर्डाला जड जातं. त्याची प्लेस्टेशनची आवृत्ती पीसीएसएक्स-रीआर्म्ड या प्लेस्टेशन इम्युलेटरवर लोण्यासारखी चालते, तीच खेळा.

मोजक्या सेटिंग्ज

रेट्रोआर्कच्या मेनूत व्हीसिंक (चित्र टीव्हीच्या रिफ्रेश रेटशी जुळवणारी सेटिंग) चालू, ‘थ्रेडेड व्हिडिओ’ (चित्राचं काम वेगळं चालवणारी सेटिंग) बंद. थ्रेडेडनं आकडा चांगला दिसतो, पण चित्राची लय बिघडते. आवाज फुटत असेल तर ऑडिओ लेटन्सी ६४ वरून ९६ मिलिसेकंद करा. जुन्या पडद्याच्या रेघा हव्या असतील तर ‘सीआरटी-पाय’ हाच शेडर (चित्राचं रूप बदलणारा छोटा प्रोग्राम) लावा. तो याच बोर्डासाठी हलका लिहिलेला आहे. ‘रन-अहेड’ (गेम आधीच पुढे चालवून बटणाचा उशीर कमी करणारी सेटिंग) एका फ्रेमवर ठेवला तर प्रतिसाद लक्षात येण्याइतका सुधारतो, पण प्रोसेसरचं काम जवळपास दुप्पट होतं. पाय ४ आणि एफबीनिओ या जोडीवरच तो वापरा.

चित्राच्या कडा स्वच्छ हव्या असतील तर ‘इंटिजर स्केल’ चालू करा, म्हणजे चित्र पूर्ण पटीतच मोठं होतं. मुस्तफाच्या २२४ ओळींची चौपट ८९६ होते; १०८० च्या पडद्यावर वर-खाली ९२ ओळींची काळी पट्टी राहते. ती नको वाटली तर सेटिंग बंद ठेवा, वेगावर काही परिणाम नाही.

जॉयस्टिक

यूएसबी ‘झीरो डिले’ एन्कोडर बोर्ड (बटणं आणि जॉयस्टिक यूएसबीला जोडणारा) खेळाडूमागे एक. बटणांना ३० मिलिमीटरची भोकं. १२ मिलिमीटर प्लायला चाकीच्या म्हणजे स्क्रू बटणांचीच ऑर्डर द्या. स्नॅपची बटणं दोन ते चार मिलिमीटरच्या पत्र्यासाठी असतात आणि जाड प्लायमध्ये अडकत नाहीत. दोन सारखे एन्कोडर लावले की पायला दोघांचं नाव एकच दिसतं. पोर्ट बदललं की पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो, म्हणून पोर्टवर मार्करनं १ आणि २ लिहून ठेवा. महाबळेश्वर, पाटणकडच्या पावसाळी दमटपणात मायक्रोस्विचच्या पितळी पात्या काळ्या पडतात आणि एखादं बटण मधूनच मुकं होतं. कनेक्टर दोन-तीनदा काढून परत दाबून बसवला की बहुतेक वेळा ते सुधारतं.

लाइट गेली तर

कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडू शकते आणि मशीन पुन्हा उठत नाही. राउटरचे छोटे यूपीएस बहुधा ९ किंवा १२ व्होल्ट देतात. त्यांचं यूएसबी पोर्ट २ अँपिअरचं असलं तर पाय ४ ला ते अपुरं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्याच प्लगवर मशीन घ्या. खेळ संपल्यावर मेनूतून ‘शटडाउन सिस्टिम’ करा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच बटण बंद. सगळं मनासारखं जुळलं की त्याच संध्याकाळी विन३२ डिस्क इमेजरनं पूर्ण कार्डाची प्रत संगणकावर काढून ठेवा. ३२ जीबीचं कार्ड असेल तर प्रतही ३२ जीबीचीच होते, तेवढी जागा आधी मोकळी करा.