नाक-सायनसच्या कॅन्सरचं रेडिएशन ठरलंय? आधी दात दाखवा

आधार, रेशनकार्ड, बायॉप्सीचे रिपोर्ट ही फाइल सगळेच करतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचं असेल तर मंजुरीचा अर्ज आजच टाका. पुढे.

दात. ऑपरेशन आधी होणार असेल तर त्याच्याही आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या, म्हणजे हाडातल्या पोकळीच्या, तळाला टेकलेली असतात, त्यामुळे किरणांचा मारा तिथल्या हाडावरही होतो. त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि काही वर्षांनी साधी दाढ काढली तरी जखम न भरता हाड मरू शकतं. म्हणून किडलेली, हलणारी दाढ आत्ताच काढायची. जखम भरायला दोनेक आठवडे लागतात आणि ऑपरेशननंतर रेडिएशन साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं. करा हिशेब! आमच्याकडे मागच्या वेळी "दुखत नाहीये ना, मग बघू नंतर" यात हेच राहिलं. दुखत नसलं तरी ओपीजी एक्स-रे (सगळ्या दातांचा-जबड्याचा एकत्र फोटो) काढा. रेडिएशनच्या डॉक्टरांची चिठ्ठी न्या, नाहीतर कोपऱ्यावरचा डेंटिस्ट दात साफ करून घरी पाठवेल.

मग मास्क, रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात, ती तिथेच कडक होते आणि रोज तीच लावतात. दाढी करून जा. दाढ काढून गाल सुजलेला असेल तर माप घेऊ देऊ नका. म्हणूनच दात आधी. नाक चोंदलेलं असतं, तेव्हा उताणं पडून तोंडानं श्वास घ्यायची सवय घरीच करा. घुसमटायला होत असेल तर टेक्निशियनला आधी सांगा, लाजू नका.

डोळे आधी तपासून घ्या, पुढे मोतीबिंदू होऊ शकतो. नाक धुवायला उकळून गार केलेलंच पाणी, नळाचं अजिबात नाही.

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, सहा-साडेसहा आठवडे. मध्ये गणपती येत असतील तर पुण्यात पेठांतले रस्ते बंद धरूनच निघा, खाडा परवडत नाही.

तोंड आलं की मऊ भात, मीठ-सोड्याच्या गुळण्या, तिखट बंद. वजन उतरलं की मास्क सैल होतो, लगेच सांगा.

संपल्यावर तोंड उघडायचे व्यायाम, थायरॉइड, डोळे, सुमारे तीन महिन्यांनी स्कॅन. दातांना फ्लोराइड कायमचं. आणि पुढे कधीही कुणी दात काढायचा म्हणालं, तर खुर्चीत बसण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन.