जुनं कार्ड घेताना: १०६० की ५८०?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या ग्राफिक्स कार्डांची चौकशी केली की ही दोन नावं हमखास निघतात: एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० (२०१६) आणि एएमडीचं आरएक्स ५८० (२०१७). १०८०पी (फुल एचडी) गेमिंगला दोघांचा वेग उन्नीस-बीस. म्हणून आधी घरचा पॉवर सप्लाय बघा. १०६० ला १२० वॅट आणि बहुधा सहा पिनची एक वायर पुरते. ५८० ला १८५ वॅट आणि आठ पिन लागतात. सप्लाय साधा असेल तर १०६० घ्या. दणकट असेल तर ५८० चं ८ जीबी मॉडेल बरं, कारण जड टेक्स्चरच्या गेममध्ये १०६० ची ६ जीबी मेमरी लवकर भरते आणि चित्र अडखळतं.

खरी फसगत नावात आहे. १०६० च्या ३ जीबी मॉडेलमध्ये नुसती मेमरीच कमी नाही, कोअरही (चित्राची आकडेमोड करणारे भाग) १२८० ऐवजी ११५२ आहेत. ५८० च्या नावाखाली २३०४ ऐवजी २०४८ शेडरचं (एएमडीच्या कार्डातले असेच कोअर) कार्डही खपवतात. दुकानातच जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून आकडा वाचा. मग कार्डावर पूर्ण ताण देणारी फरमार्क ही चाचणी पंधरा मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके दिसले तर कार्ड परत ठेवा. नुसतंच तापत असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असू शकते. तेवढे पैसे कमी करून घ्या. पोर्ट आणि स्क्रूंवरचा गंजही बघा, इथली हवा खारी!