दप्तरवाटप राहू द्या, गावात वाचनवर्ग असा सुरू करा

बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर भरतात. आमच्या विदर्भात ऊन उतरायची वाट पाहता पाहता जून संपत येतो. मग शाळा उघडली की त्याच आठवड्यात गावात टेम्पो येतात. दप्तरं, वह्या, कंपासपेट्या. मागे बॅनर, पुढे सरपंच, रांगेत पोट्टे. फोटो निघतो, चिवडा वाटला जातो, टेम्पो परत. पोळ्यापर्यंत बऱ्याच दप्तरांच्या चेन गेलेल्या असतात.

हे मी हिणवून सांगत नाही. आमच्या मंडळानं दोन वर्षं हेच केलं. तिसऱ्या वर्षीही वाटप आटोपल्यावर चौथीतल्या एका मुलीला सहज म्हटलं, एखादा धडा वाचून दाखव बरं. तिनं घडाघडा म्हटला. पण बोट एका ओळीवर अन् तोंड दुसऱ्याच ओळीवर. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, ‘हा कोणता?’ तर गप्प. धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. तिच्या पाठीवर आमचंच मागच्या वर्षीचं दप्तर होतं.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. गावागावांत घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या सर्वेक्षणात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तेव्हा एखादं छोटं मंडळ, बचतगट किंवा निवृत्त गुरुजी यांना गावातल्या मुलांसाठी खरंच काही करायचं असेल, तर खाली दिलेली रीत वापरून पाहा. बरीचशी आमच्या चुकांतून निघाली आहे.

आधी शाळेत जा

‘शाळेत काही शिकवत नाहीत, म्हणून आम्ही आलो’ हे वाक्य गावात एकदा गेलं की मुख्याध्यापकांचं दार बंद झालंच म्हणून समजा. अन् ते खरंही नसतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे एक गुरुजी एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणार, खिचडीचा हिशेब लिहिणार, ऑनलाइन माहिती भरणार आणि निवडणूक आली की मतदार याद्या घेऊन फिरणार.

म्हणून पहिल्या भेटीत मदत मागायची. ‘शाळेच्या वेळेबाहेर फक्त वाचन आणि साधं गणित घेऊ, अभ्यासक्रमाला हात लावणार नाही,’ एवढं सांगा. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे सरकारच्याच निपुण भारत अभियानाचं २०२१ पासूनचं उद्दिष्ट आहे, त्यामुळे गुरुजींना तुमचं काम परकं वाटत नाही. शाळेची खोली वापरायची असेल तर मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना पत्र द्या. तोंडी ‘हो हो, करा’ यावर राहू नका, बदली झाली की ते ‘हो’ही गुरुजींबरोबर जातं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जरूर बसा. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदाच आहे. बायका बऱ्याचदा मागे बसून असतात. त्यांना वर्गाची वेळ विचारली की बोलत्या होतात.

एकेका मुलाजवळ पाच मिनिटं

या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाजवळ एकटं बसा. हातात एकच कागद: काही सुटी अक्षरं, काही सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करा. सलग वाचला, दोन-तीनच चुका केल्या, तर गोष्ट द्या. अडखळला तर शब्दांवर या. पाचपैकी निदान चार शब्दही नीट आले नाहीत तर अक्षरांवर. ही पद्धत ‘असर’वाल्यांचीच. त्यांना हजारो गावांत पुरते, आपल्या एका गावात का नाही पुरणार? गणितातही तसंच: आकडे ओळखणं, मग दोन अंकी हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं.

तपासताना मूल चुकलं तर सुधारू नका. ‘आठव, आठव’ म्हणू नका. आणि बाकीच्या पोरांना दहा पावलं लांब ठेवा. आमच्या पहिल्या तपासणीत एक पोरगा भिंतीमागून सगळ्यांना उत्तरं पुरवत होता, ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तोवर अर्धं गाव हुशार ठरलं होतं.

मुलाच्या नावापुढे एवढंच लिहा: अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. इयत्ता लिहा, पण गट इयत्तेवरून पाडू नका. पाचवीचा मुलगा आणि दुसरीची मुलगी दोघंही शब्दांवर अडली असतील तर एकाच सतरंजीवर बसतील. पाचवीच्या पोराला सुरुवातीला लाज वाटते. त्याला सतरंजी झटकायचं, हजेरी घ्यायचं काम द्या, आठवड्यात तो विसरतो.

शिकवणारी ताई गावातलीच हवी

तालुक्याहून रोज गाडीवर येणारा उत्साही तरुण पावसाळ्यात नाला भरला की येत नाही, आणि पोलीस भरती निघाली की मुळीच येत नाही. गावातली बारावी झालेली मुलगी किंवा सून शोधा. सर्वात जास्त मार्कवालीच पाहू नका. जिच्या अंगणात पोट्टे आधीच खेळत असतात ती निवडा. तिला वाचायला कसं शिकवायचं हे पाच-सहा दिवसांत दाखवता येतं. पोरांनी भोवती बसावं असा स्वभाव मात्र शिकवून येत नाही.

तिच्या घरी दोनदा जा. एकदा तिच्याशी बोलायला, एकदा सासूशी. एका सासूबाईंनी मला सरळ विचारलं होतं, ‘सांजच्याला ही पोट्टे शिकवन, त मंग भाकरी कोन टाकन?’ प्रश्न बरोबर होता. आम्ही वर्ग सकाळी आठला नेला.

मानधन द्या, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या आणि ‘सेवा’ म्हणून फुकट राबवू नका. महिन्यातून एकदा आजूबाजूच्या गावांतल्या ताई एकत्र बसवा. ‘माझा तो मुलगा अजून जोडाक्षरात अडतो’ हे एकमेकींना सांगण्यात त्या जेवढं शिकतात, तेवढं कोणत्याही शिबिरात नाही.

जागा आणि वेळ

जागा फुकट मिळाली म्हणून घेऊ नका. मारुतीच्या पारावर वर्ग भरला तर विहाराकडची पोरं येत नाहीत, विहारात भरला तर इकडची. तोंडावर कोणी काही म्हणत नाही, फक्त हजेरी सांगते. शाळेची खोली सर्वांत बरी, नाहीतर अंगणवाडी. पारध्यांचा बेडा किंवा कोलामांचा पोड अशी वस्ती गावापासून लांब असेल तर वर्ग तिकडे न्या, पोरांना इकडे बोलवू नका.

वेळ ठरवताना ताईचं घर, मजुरीला जाणाऱ्या आया आणि पाणी भरणाऱ्या पोरी या तिघींना विचारा. पुरुषांना विचारलं तर ते ‘केव्हाही चालते जी’ म्हणतात.

आणि एक पक्का नियम: वर्गात ताईशिवाय आणखी एक मोठं माणूस हवं, दार उघडं हवं, मुली घोळक्यानं घरी जायला हव्यात. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. देणगीदाराला पाठवायला रडक्या, शेंबड्या पोरांचे फोटो काढू नका.

तो एक तास

पहिली दहा मिनिटं गप्पा. काल काय झालं, कोणाच्या गायीला गोऱ्हा झाला. मग बाराखडीचा तक्ता सगळ्यांनी मिळून, चालीवर. मग गट. अक्षरवाल्यांना ताई स्वतः घेते, शब्दवाले चिठ्ठ्यांचे खेळ खेळतात, परिच्छेदवाले जोडीनं वाचतात, गोष्टवाले एकेकटे. मधूनमधून ताई दुसऱ्या गटाजवळ जाऊन बसते. रोज प्रत्येक मुलानं मोठ्यानं काही तरी वाचलंच पाहिजे, दोन ओळी का असेनात.

गणिताला तुराटीच्या काड्या पुरतात. दहा-दहाच्या जुड्या बांधा. वजाबाकीत ‘हातचा घेतला’ म्हणजे जुडी सोडली, हे मूल हातानं करतं तेव्हाच कळतं. पोरांना तोंडी हिशेब चांगला येतो, हे विसरू नका. आई ४२ किलो कापूस वेचून आली, किलोला आठ रुपये, शंभर आधीच उचलले, तर किती आले? तिसरीतला पोरगा आभाळाकडे पाहत उत्तर देतो. तेच पाटीवर मांडून दिलं की घाबरतो. त्याच्या तोंडातला हिशेब पाटीवर आणायचा, एवढंच काम आहे. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिकवायचा आग्रह धरला होता, तो याहून फार वेगळा नव्हता.

‘सांबार’ चूक नाही

चित्राची कार्डं पुण्या-मुंबईत छापलेली असतात. बटाट्याचं चित्र दाखवलं की आमची पोरं ‘आलू’ म्हणतात. कोथिंबीर दाखवली की ‘सांबार’, शेंगदाणे दाखवले की ‘फल्ली’. नवी ताई घाईनं ‘चूक’ म्हणते, आणि पोरगं पुढचे चार दिवस तोंड उघडत नाही. चित्राखाली दोन्ही शब्द लिहा. वाचायला शिकवताना पोराचंच वाक्य फळ्यावर घ्या: ‘आमची बकरी वावरात गेली.’ जसं बोललं तसं. स्वतःचं वाक्य वाचता आलं की पुस्तकातलं वाक्य लवकर सुटतं.

वऱ्हाडी निदान मराठीच आहे. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे घरची भाषा कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या कोलाम पोडांवर कोलामी. कोरकू मुंडा कुळातली, बाकीच्या द्रविड कुळातल्या. त्या मुलासाठी पहिलीचं पुस्तक परक्या भाषेतलंच असतं. तिथे ती भाषा बोलणारी ताई मिळाल्याशिवाय वर्ग सुरूच करू नका, मग सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल. भामरागडच्या हेमलकशात माडिया मुलांसाठी १९७६ पासून शाळा चालू आहे. वेळ काढून पाहून या. दोन दिवस नुसतं मागे बसा.

कापूस, धान, मिरची

वर्गाचं वेळापत्रक शेतीच्या कॅलेंडरवर आखा. धानाच्या पट्ट्यात रोवणीला, सोयाबीनच्या पट्ट्यात सोंगणीला, कपाशीच्या गावांत दिवाळीनंतर वेचणीला मोठी पोरं कामाला जातात आणि लहानी घरी भावंडं सांभाळतात. मार्च-एप्रिलमध्ये जंगलाकाठच्या गावांत भल्या पहाटे मोह वेचायला सगळं घर निघतं. त्या आठवड्यांत ‘हजेरी का नाही?’ म्हणून ताईवर डाफरू नका. भावंड कडेवर घेऊन आलेल्या पोरीला आत घ्या, ते रडलं तर रडू द्या. आम्ही कोपऱ्यात एक पाळणा बांधला, त्या वर्षी चौथी-पाचवीच्या सात मुली टिकल्या.

स्थलांतर याहून अवघड. कोणी वीटभट्टीवर जातं, गडचिरोली-चंद्रपूरकडची कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात. जायच्या आधी घरी जा, आजीजवळ पोर ठेवता येतं का पाहा. हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे शाळा व्यवस्थापन समितीमार्फत पंचायत समितीत विचारा. नाहीच जमलं तर मुलाची पातळी लिहिलेलं एक कार्ड आणि दोन गोष्टींची पुस्तकं सोबत द्या. दाखला हातात नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे पालकांना घोटून घोटून सांगा. ‘दाखला आणा मग बघू’ ऐकून परत आलेले पालक दुसऱ्यांदा शाळेत जात नाहीत.

पैसा आणि नोंदणी

पहिल्या वर्षी संस्था नोंदवू नका. एका गावाला लागतं काय? ताईचं मानधन, सतरंजी, फळा, खडू, शंभरेक पुस्तकं. हे गावातल्या आणि गावाबाहेर नोकरीला गेलेल्या दहा-बारा माणसांच्या मासिक वर्गणीतून भागतं. आलेला-गेलेला प्रत्येक रुपया शाळेच्या भिंतीवर लावा.

तीन-चार गावं झाली की नोंदणी करा: किमान सात सभासद, १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, जिल्ह्याचं धर्मादाय कार्यालय. नंतर आयकर खात्याकडून संस्थेला आणि देणगीदारांना करसवलत देणारी, १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी हवा असेल तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्मही भरावा लागतो. पण जपून. मोठा निधी आला की टॅब येतात, रंगरंगोटी येते, आणि ताईच्या मानधनासाठी मात्र ‘या शीर्षाखाली तरतूद नाही’ असं उत्तर येतं. तसं असेल तर नाही म्हणा. आम्ही एकदा हो म्हटलं, ते टॅब अजून कपाटात आहेत.

फेब्रुवारीअखेर तोच कागद, तीच पाच मिनिटं. जुलैत अक्षरावर असलेली किती मुलं शब्दावर गेली, किती गोष्टीपर्यंत पोचली, ते मोजा आणि गुरुजींसमोर, पालकांसमोर वाचून दाखवा. जी हलली नाहीत त्यांच्यासाठी वेगळी यादी करा. त्यात एखादं मूल कमी ऐकतं, एखाद्याला फळा नीट दिसत नाही, असं हमखास निघतं. ग्रामीण रुग्णालयात तपासायला स्वतः घेऊन जा.

उन्हाळ्यात वर्ग बंद ठेवा, पुस्तकांची पेटी मात्र ताईच्या ओसरीवर उघडी राहू द्या. नोंदवही एखाद्या पाचवीच्या पोरीकडे द्या. काही पुस्तकं फाटतील, काही परत येणार नाहीत. तेवढी जूनच्या खर्चात धरून ठेवा.