डिगॉक्सिन देण्याआधी ठोके कसे मोजावेत

डिगॉक्सिन हे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध आहे, म्हणून ते देण्याआधी ठोके मोजतात. इथे मनगटावरची नाडी पुरत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. छातीच्या डाव्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधे, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर स्टेथोस्कोप ठेवा. पूर्ण १ मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर अनियमित ठोक्यांत हमखास चूक होते.

प्रौढ रुग्णात ६० पेक्षा कमी आले तर गोळी देऊ नका. डॉक्टरांना कळवा, चार्टवर नोंदवा.

फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध, त्याने रक्तातलं पोटॅशियम कमी होतं) चालू असेल तर पोटॅशियमचा रिपोर्ट आधी बघाच. ते ३.५ mmol/L च्या खाली असेल तर डिगॉक्सिनच्या नेहमीच्या डोसनेही विषबाधा होऊ शकते. अन्नावरची वासना उडणं, मळमळ, पिवळसर दिसणं या विषबाधेच्या तक्रारी वयाच्या नावावर खपवू नका.