केन्दोच्या सरावात न अडकणारे मन कसे घडवावे

केन्दोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, समोरच्याच्या तलवारीच्या टोकावर लक्ष खिळले की मन तिथेच थांबते, आणि मन थांबले की हातही थांबतो. रिन्झाई परंपरेतील झेन भिक्षू ताकुआन सोहो (1573–1645) यांनी तोकुगावा शोगुनांचे तलवारगुरू याग्यू मुनेनोरी यांच्यासाठी लिहिलेल्या ‘फुदोची शिनम्योरोकु’ या लेखाचा गाभा हाच आहे. मन प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर ठेवले तर ती तलवार ते ओढून नेते, स्वतःच्या तलवारीवर ठेवले तर आपलीच तलवार ते अडकवून ठेवते, आणि वार करण्याच्या हेतूवर ठेवले तर तो हेतूच त्याचा ताबा घेतो. म्हणून मन कुठेच ठेवू नये, म्हणजे ते आपोआप सर्वांगात पसरते, असे ताकुआन सांगतात. यासाठी ते सहस्रभुजा कान्नोनचा, म्हणजे हजार हातांच्या करुणामूर्ती बोधिसत्त्वाचा, दाखला देतात: धनुष्य धरलेल्या एका हातापाशी मन थांबले, तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निरुपयोगी होतात.

ज्यांना केन्दोचे मूलभूत पवित्रे आणि वार अंगवळणी पडू लागले आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. अगदी नवख्याने याच्या मागे लागू नये. ताकुआन यांच्याच म्हणण्यानुसार, ज्याला काहीच येत नाही त्याचे मन कुठे अडकतही नाही. समोरून वार आला की तो जमेल तसा अडवतो. तलवार कशी धरावी, पाय कसे ठेवावेत, नजर कुठे असावी हे शिकू लागले की मनाला थांबण्याच्या जागा वाढत जातात आणि हालचाल पूर्वीपेक्षा अवघड होते. पुढे वर्षानुवर्षांच्या सरावाने शिकलेले सारे अंगात मुरते आणि मन पुन्हा सुरुवातीसारखे मोकळे होते. त्यामुळे मधल्या टप्प्यावर हालचाल जड वाटू लागली तर सराव सोडू नये; शिक्षण आत उतरत असल्याची ती खूण आहे.

पहिले काम म्हणजे मन नेमके कुठे थांबते हे ओळखणे, आणि ते शरीरावरून ओळखावे. चूदान-नो-कामाए या मधल्या पवित्र्यात शिनाईचे, म्हणजे सरावाच्या बांबूच्या तलवारीचे, टोक प्रतिस्पर्ध्याच्या गळ्याच्या रोखाने ठेवून उभे राहावे आणि जोडीदाराला मेनवर, म्हणजे डोक्यावर, वार करण्याची नुसती हूल द्यायला सांगावे. तो हात उचलताच बहुतेकांचा उजवा हात शिनाईवर आवळतो, खांदे किंचित वर येतात आणि शिनाईचे टोक मध्यरेषेवरून सरकते. काही जण घाबरून दोन्ही हातच वर नेतात, आणि त्या क्षणी त्यांचे उजवे मनगट, म्हणजे कोते, पूर्णपणे उघडे पडते. हुलीला फसलेले मन असे हातांत दिसते. जोडीदाराने हीच हूल सावकाश, अनेकदा द्यावी, आणि आपण एकच गोष्ट पाहावी: पकड केव्हा बदलली. पकडीचा मुख्य भार डाव्या हाताच्या करंगळीवर आणि अनामिकेवर असावा, उजव्या हाताने नुसता आधार द्यावा. केन्दोच्या परंपरेत अशा अडकण्याची चार कारणे सांगितली आहेत: आश्चर्य, भीती, शंका आणि संभ्रम. आपल्या बाबतीत यांपैकी कोणते कारण वारंवार येते हे कळले, तर निम्मे काम झाले असे समजायला हरकत नाही.

त्यानंतर नजर. दूरचा डोंगर पाहावा तसे समोरच्याला पाहावे, या शिकवणीला एन्झान-नो-मेत्सुके म्हणतात. डोळे प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांच्या दिशेने असावेत, पण दृष्टीच्या कक्षेत त्याची पावले, खांदे आणि शिनाईचे टोक एकाच वेळी असावे. प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी यांनीही ‘गोरिन-नो-शो’ या ग्रंथामध्ये दोन प्रकारच्या पाहण्यांत भेद केला आहे: वरवर दिसते त्याला कमी आणि आतून जाणवते त्याला अधिक महत्त्व द्यावे, आणि दूरचे जवळ असल्यासारखे व जवळचे दूर असल्यासारखे पाहावे. नजर एका ठिकाणी रुतली की मनही तिथेच रुतते, आणि नजर सोडवणे मन सोडवण्यापेक्षा बरेच सोपे असल्यामुळे सुरुवात तिथूनच करणे मला योग्य वाटते.

मनाला विचार करायला फटच मिळू नये, यासाठी किरिकाएशी आणि काकारिगेइको हे दोन सराव सर्वांत उपयुक्त आहेत. किरिकाएशीत सरळ मेन वारानंतर डावे-उजवे तिरके वार, सामान्यतः पुढे जाताना चार आणि मागे येताना पाच, एका दमात करायचे असतात. श्वास तुटला की बहुधा तिथेच लक्षही तुटलेले असते, म्हणून श्वासाकडे खूण म्हणून पाहावे. काकारिगेइकोत आपल्याला वार बसेल का याची पर्वा न करता थोडा वेळ अखंड हल्ला करायचा असतो. वार चुकला तरी मागे वळून पाहू नये, त्याच आवेगात पुढचा वार करावा. चुकलेल्या वाराची हळहळ हीदेखील मनाची थांबण्याचीच एक जागा आहे.

इथे एक सावधगिरी बाळगावी. मन बेंबीखाली, पोटात स्थिर ठेवावे असा सल्ला अनेकदा दिला जातो आणि आरंभी तो उपयोगी पडतो, परंतु ताकुआन त्याला खालची पायरी मानतात, कारण मन पोटात कोंडले तर ते हातापायांना मिळत नाही. मुनेनोरी यांनी 1632 मध्ये लिहिलेल्या ‘हेइहो कादेनशो’त याहून कठोर इशारा आहे. जिंकण्याचा ध्यास, कौशल्य दाखवण्याचा ध्यास, हल्ल्याचा ध्यास आणि हल्ल्याची वाट पाहत राहणे या साऱ्यांना ते रोग म्हणतात, आणि हे रोग घालवायचेच या ध्यासालाही रोगच म्हणतात. म्हणून सरावाच्या वेळी ‘मन रिकामे झाले का’ असे स्वतःला विचारू नये. तो प्रश्न सराव संपल्यावर, मोकुसोसाठी, म्हणजे डोळे मिटून केलेल्या ध्यानासाठी, शांत बसल्यावरही फार ताणू नये. आज पकड केव्हा आवळली एवढे आठवले तरी पुरे.

हे किती दीर्घ काळ चालू शकते, हे तलवारबाज यामाओका तेस्शू (1836–1888) यांच्या आयुष्यावरून कळते. आसारी योशिआकी या श्रेष्ठ तलवारबाजाकडून हरल्यानंतर कित्येक वर्षे ते डोळे मिटून ध्यानाला बसले की आसारी तलवार रोखून समोर उभे असल्याचे त्यांना दिसे. तेनर्यू-जी मठाचे तेकिसुई यांच्या मार्गदर्शनाखाली झेनचा अभ्यास चालू असताना, 1880 च्या मार्च महिन्यात, ती आकृती दिसेनाशी झाली. तेस्शू तलवारीचा आणि ध्यानाचा नित्यक्रम रोज पाळत राहिले होते, आणि तो बदल त्या नित्यक्रमातूनच आला.

शेवटी सामन्याविषयी. वार बसल्यानंतरची सावधता, म्हणजे झानशिन, हा वैध गुणाचा भाग आहे. वार करून सैल पडणाऱ्याला गुण मिळत नाही आणि गुण मिळाल्यावर अयोग्य प्रकारे आनंद दाखवला तर दिलेला गुणही रद्द होऊ शकतो. त्यामुळे वार करून पुढे निघून गेल्यावर लगेच वळावे, अंतर घ्यावे आणि शिनाईचे टोक पुन्हा प्रतिस्पर्ध्यावर रोखावे. पहिला गुण झाल्यावर पंच दुसऱ्या गुणासाठी ‘निहोन्मे’ म्हणून लढत पुन्हा सुरू करतात, आणि मिळवलेल्या किंवा गमावलेल्या गुणापाशी मन थांबलेले असण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. सुरुवातीच्या रेषेवर परतताना पूर्ण श्वास सोडावा, उजव्या हाताची पकड एकदा सैल करून पुन्हा नीट घ्यावी, डोळे समोरच्याच्या डोळ्यांच्या दिशेने न्यावेत आणि पंचांचा आवाज येताच पहिले पाऊल टाकावे.