दगडांच्या फटींतले पाणी
वॉशिंग्टन राज्यात सॅमन आणि ट्राउट माशांसाठी ओढे पूर्ववत करण्याच्या कामावर मी रुजू झाले, तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात मुख्यतः दगड मोजले. ओढा आडवा ओलांडत जायचे, पावलाच्या टोकाशी न बघता हाताला लागेल तो दगड उचलायचा, त्याची सर्वांत लांब किंवा सर्वांत आखूड नव्हे, तर मधली बाजू मोजायची, आणि अशा किमान १०० नोंदी करायच्या. नवख्यांना हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते मन लावून शिका. सॅमनची मादी शेपटीने खडी उकरून अंडी पुरते आणि नंतर कित्येक आठवडे त्या अंड्यांना प्राणवायू मिळतो तो दगडांच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातूनच. त्या फटींत बारीक गाळ बसला, तर वरून ओढा कितीही नितळ दिसला तरी आत अंडी गुदमरतात.

आमच्या गटाने एकदा गाळाने भरलेल्या पट्ट्यात स्वच्छ खडी आणून पसरली, परंतु वरच्या अंगाला कच्च्या रस्त्यावरून वाहून येणाऱ्या मातीचा बंदोबस्त केला नाही. हिवाळ्याच्या पावसात फटी पुन्हा बुजल्या. तेव्हापासून मी कोणत्याही ओढ्यावर आधी वरच्या बाजूला चालत जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यास याच प्रदेशात ओढ्यांत पडलेले ओंडके माशांना अडथळा समजून काढून टाकले गेले, आणि आज आपण तेच परत ठेवतो आहोत, कारण ओंडक्यांपाशी डोह तयार होतात, खडी अडते आणि सुमारे वर्षभर गोड्या पाण्यात राहणाऱ्या कोहो सॅमनच्या पिल्लांना पुराच्या लोंढ्यात आसरा मिळतो. रस्त्याखालच्या मोऱ्यांचे कामही भरपूर आहे: २०१३ साली आदिवासी जमातींच्या करारसिद्ध मासेमारी हक्कांच्या खटल्यात न्यायालयाने राज्याला माशांची वाट अडवणाऱ्या मोऱ्या सुधारण्याचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला.

शरद ऋतूत मोजणीला जाल, तेव्हा तळाशी आजूबाजूपेक्षा उजळ, शेवाळ निघालेला पट्टा शोधा. त्यात एक खळगा आणि त्याच्या खालच्या अंगाला खडीचा उंचवटा असतो. पाय टेकायला तो उंचवटाच भक्कम वाटतो, पण अंडी त्याच्याच पोटात असतात; तिथून काठावर चढा आणि वळसा घालून पुढे जा.